निदानानंतरची वर्षे

माझ्या भाच्याला नागपुरात ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’चे निदान झाले, तेव्हा ताईने मला एकच विचारले, “पोराचं पुढे कसं होणार रे?” मी डॉक्टर नव्हे, पण या प्रश्नापायी वैद्यकीय नियतकालिके वाचायला बसलो.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या अस्तरावरच उलटते. जखमा होतात, शौचावाटे रक्त पडते. पूर्वी तीव्र झटक्यात अनेक रुग्ण दगावत. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिझोनचा उपयोग दाखवून दिला. पुढे नॉर्वेत १९९० ते १९९३ या काळात निदान झालेल्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. दहा वर्षांत कोलायटिसच्या सुमारे १० टक्के रुग्णांचे मोठे आतडे काढावे लागले. निम्म्याहून अधिक जणांचा त्रास हळूहळू सौम्य झाला आणि मृत्यूचे प्रमाण इतरांहून जास्त आढळले नाही.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची. याच गटातला क्रोन्सचा आजार आतड्याच्या क्षयासारखाच दिसतो. कित्येकांना आधी क्षयाची औषधे दिली जातात आणि खरे निदान लांबते.

भाच्याचे निदान वेळेवर झाले. चूक पुढे झाली. बरे वाटताच त्याने मेसालामिनच्या गोळ्या सोडल्या. काही महिन्यांत पुन्हा रक्त पडू लागले. या गोळ्या पुढचा झटका थोपवण्यासाठीही असतात, हे आम्हाला उशिरा कळले. शिवाय आजाराला आठेक वर्षे झाली, की कर्करोगाच्या तपासणीसाठी कोलोनोस्कोपी करायची असते.

ताईला मी आता सांगतो, पोरगा संसार, नोकरी सगळे करील. फक्त बरे असतानाही गोळी चुकवू देऊ नकोस.