गाणं नसलेला खटला

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक वकीलकाका राहतात. तीस हजारी कोर्टात उभी हयात घालवून आता घरीच असतात. मूळचे नागपूरचे. एरवी बोलणं हिंदी वळणाचं, पण रागावले की अस्सल वऱ्हाडी. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी त्यांच्याकडे 'कानून' बघायला बसलो. बी. आर. चोप्रांचा, १९६० सालचा. काकांनी पाच-सहा वेळा तरी रिमोट दाबून सिनेमा थांबवला असेल. "अरे, हा तर साक्षीदार आहे! साक्षीदार आरोपीचं वकीलपत्र घेईल कसं?" काकू आतून म्हणाल्या, "अहो, सिनेमा आहे तो. बघू द्या की त्याला."

हरकत रास्तच होती. कैलाश खन्ना (राजेंद्रकुमार) हा सरकारी वकील. न्यायमूर्ती बद्रीप्रसाद (अशोककुमार) त्याचे गुरू आणि होणारे सासरे. धनीराम नावाच्या सावकाराच्या घरात एका रात्री कैलाश आपल्या डोळ्यांनी खून बघतो, आणि खून करणारा माणूस त्याला हुबेहूब बद्रीप्रसाद दिसतो. सापडतो मात्र कालिया हा भुरटा चोर. मग कैलाश सरकारी नोकरी सोडतो आणि कालियाच्या बाजूनं उभा राहतो. न्यायासनावर कोण? तर तेच बद्रीप्रसाद. वकिलांच्या आचारसंहितेत ज्याला साक्ष द्यावी लागेल त्यानं त्या खटल्यात वकील म्हणून उभं राहू नये, असा दंडक आहे. चोप्रांनी तो सरळ गुंडाळून ठेवला. शेवट काय होतो ते सांगत नाही. पासष्ट वर्षं झाली तरी ज्यानं बघितला नाही त्याच्यासाठी तो नवाच आहे.

सुरुवातीला एक छोटं प्रकरण येतं, ते काकांना सगळ्यात आवडलं. जीवननं रंगवलेला कालिदास गणपत नावाच्या माणसाच्या खुनाबद्दल शिक्षा भोगून सुटतो. गणपत तर जिवंत असतो! बाहेर येऊन कालिदास त्याला खरोखरच मारतो आणि कोर्टाला विचारतो, या खुनाची शिक्षा मी आधीच भोगली आहे, आता दुसऱ्यांदा कशी देणार? घटनेच्या विसाव्या कलमाचं दुसरं उपकलम एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा मना करतं खरं. पण काकांचा निकाल तयार होता : "पहिली शिक्षा न घडलेल्या कृत्याची. दुसरं कृत्य नवं, तारीख नवी. हे कलम लागूच होत नाही. पण दहा-दहा वर्षं खाल्ली त्याचं काय, हा प्रश्न उरतोच ना." हॉलिवूडनं हीच कल्पना 'डबल जेपर्डी'त वापरली, १९९९ साली. आपल्याकडे ती चार दशकं आधी येऊन गेली होती.

चोप्रांना कोर्ट नवं नव्हतं. 'नया दौर'च्या वेळी मधुबालाशी त्यांचं बिनसलं, प्रकरण मुंबईच्या न्यायालयात गेलं आणि दिलीपकुमारनं साक्ष दिली, हे सगळ्या देशानं वाचलं होतं. शिवाय ते मूळचे लाहोरचे सिनेपत्रकार. फाळणीत तिथून उठून आधी दिल्लीला आले आणि मग मुंबईला गेले. जर्मनीत कुणीतरी त्यांना हिंदी सिनेमा म्हणजे नुसती गाणी असं हिणवलं आणि त्यातून बिनगाण्याचा सिनेमा काढायची जिद्द पेटली, असा किस्सा सांगतात. गाणं नसलेला हा पहिलाच हिंदी बोलपट नव्हे. वाडिया मूव्हीटोनचा 'नौजवान' १९३७ चा, ख्वाजा अहमद अब्बासांचा 'मुन्ना' १९५४ चा. पण तिकीटबारीवर चालणाऱ्या नटांना घेऊन, गाण्यांच्या ऐन सुगीत, एकही गाणं न घालता रहस्यपट काढायचा ही वेगळीच छाती. 'मुगल-ए-आझम' आणि 'बरसात की रात' याच वर्षीचे, हे लक्षात घ्या.

आणि गंमत अशी की या बिनगाण्याच्या सिनेमाला संगीतकार घेतला तो सलील चौधरी! 'मधुमती'ला दोनच वर्षं झाली होती. म्हणजे गवयाला बोलवायचं आणि सांगायचं, आज गायचं नाही.

सलीलदांचं बालपण आसामच्या चहाच्या मळ्यात गेलं. वडील तिथे डॉक्टर. घरात पाश्चात्य अभिजात संगीताच्या तबकड्या होत्या, त्या ऐकतच पोरगा वाढला. 'छाया'तल्या एका द्वंद्वगीतात मोझार्टची चाळिसावी सिंफनी सरळ ओळखू येते, ती याच शिदोरीतली. सुरावटीखाली दुसरी सुरावट चालवायची, त्या दोघींचं भांडण लावायचं आणि मिटवायचं, हे त्यांना गाण्यापेक्षा पार्श्वसंगीतात जास्त मोकळेपणानं करता येई. म्हणूनच इतरांच्या गाण्यांच्या सिनेमांचं पार्श्वसंगीतही त्यांच्याकडे येत गेलं. 'मौसम'ची गाणी मदनमोहन यांची, 'काला पत्थर'ची राजेश रोशन यांची, पण दोन्हींचं पार्श्वसंगीत सलीलदांचं.

काकांकडे बघून झाल्यावर मी घरी येऊन हेडफोन लावला आणि पडद्याकडे पाठ करून बसलो. एरवी हे कुणी करणार नाही, पण पार्श्वसंगीताची खरी परीक्षा हीच. कोर्टाच्या प्रसंगांत राज्य शब्दांचं : अख्तर-उल-ईमान यांचे उर्दू धारेचे संवाद आणि अशोककुमारचा तो थंड, मोजून-मापून येणारा आवाज. संगीत तिथे अंग चोरून मागे बसतं. धनीरामच्या घरातल्या रात्री ते पुढे येतं. रंगमंचावरचं एक नृत्यनाट्य आहे, तेवढीच काय ती वाद्यमेळाला मोकळी जागा. नेहमीच्या सिनेमात ताण वाढला की गाणं येऊन झडप उघडतं, वाफ निघून जाते. इथे वाफ कोंडलेलीच राहते. 'कानून'मधलं खरं संगीत मला या कोंडण्यात ऐकू आलं.

काही ठिकाणी वाद्यं जरा जास्तच ओरडतात, हेही सांगितलं पाहिजे. खून बघताना आपण घाबरलोय हे आपल्याला कळतं, ते तुतारी फुंकून सांगायला नको. एक वर्ष आधी अमेरिकेत ऑटो प्रेमिंजरनं 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' केला. त्यात ड्यूक एलिंग्टनचं जॅझ आहे. ते कुठेही भीती घालत नाही, फक्त संशय पेरत राहतं. सलीलदा त्या संयमाजवळ पोचले ते 'इत्तेफाक'मध्ये, १९६९ साली. घर चोप्रांचंच, दिग्दर्शक धाकटे यश चोप्रा, पुन्हा बिनगाण्याचा सिनेमा आणि 'कानून'प्रमाणेच नायिका नंदा.

नंदा म्हणजे मास्टर विनायकांची मुलगी. 'कानून'मधलीच शशिकला सोलापूरची. पण 'कानून' खऱ्या अर्थानं कुणा मराठी माणसाचा असेल तर तो नाना पळशीकरांचा. त्यांनी कालिया केला आणि सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर पटकावलं. चोप्रांनाही दिग्दर्शनाचं मिळालं. आरोपीच्या पिंजऱ्यातली नानांची मान बघा. बोलायच्या आधीच ती हरलेली असते. 'दो बीघा जमीन'मध्ये बलराज साहनींचा म्हातारा बाप त्यांनीच केला होता. त्या सिनेमाची कथा सलील चौधरींची, आणि तिथेही गरिबाची जमीन जाते ती कोर्टाच्या दारातूनच.

फाशी असावी की नसावी, हा सिनेमाचा मूळ सवाल. तेव्हा तो हवेतच होता. १९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यात फाशी न देणाऱ्या न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. १ जानेवारी १९५६ पासून ती अट गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं काटा उलटा फिरवला : फाशी द्यायची तर विशेष कारण लिहा. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 'विरळातला विरळ' ही कसोटी घालून दिली. 'कानून' या प्रवासाच्या मधोमध उभा आहे.

मयूर विहारहून मेट्रोची निळी लाइन पकडली की यमुना ओलांडल्यावर 'सुप्रीम कोर्ट' स्टेशन लागतं आणि पुढचंच मंडी हाउस, नाटकवाल्यांचं. कायदा आणि कला यांच्यात एकाच स्टेशनाचं अंतर. पण सिनेमाच्या संगीतकाराला ते तोडायला फार वर्षं लागली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची व्याख्या होती ती लिहिलेल्या, छापलेल्या सुरावटीची. म्हणजे संगीतकाराच्या डोक्यातली चाल कायद्याला दिसत नव्हती. मुंबईच्या स्टुडिओत गोव्याचे वादक ज्या कागदांवरून वाजवत, ते कागद तेवढे दिसत. त्यातही मालक कोण, हा वाद इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि कलकत्त्याची चित्रपट-व्यावसायिकांची संघटना यांच्यात पेटला. कॉपीराइट बोर्डानं कौल संगीतकारांच्या बाजूनं दिला, कलकत्ता उच्च न्यायालयानं तो फिरवला आणि मार्च १९७७ मध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालयानं निर्मात्याच्या बाजूनं शिक्कामोर्तब केलं : पैसे देऊन करून घेतलेलं संगीत, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर निकालाशी सहमत होते, पण त्यांनी खाली पुस्ती जोडली की आपल्याकडे गाण्याचा प्राण गायकाच्या गळ्यात असतो आणि कायदा त्याला ओळखतच नाही, तेव्हा संसदेनं यात लक्ष घालावं.

मी ही पुस्ती काकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "आयुष्यभर पाहिलं. न्याय बहुतेक वेळा तळटीपेतच असतो."

संसदेनं १९९४ मध्ये लिखित सुरावटीची अट काढली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क सोडून देता येणार नाही, ही तरतूद आली ती मे २०१२ मध्ये. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत हिरीरीनं बोलले होते. तीही चित्रपटगृहाबाहेरच्या वापरापुरतीच. थिएटरात सिनेमा लागतो तिथे आजही वेगळी रॉयल्टी नाही.

'कानून' या चित्रपटावरच्या हक्काची ६० वर्षं भरून गेली. संगीतकृतीवरचा हक्क मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. सलील चौधरी ५ सप्टेंबर १९९५ रोजी गेले, तेव्हा 'कानून'च्या स्वरांवरचा हक्क २०५५ च्या अखेरीस संपेल.