डाग एकाच्या अंगावर, ढेकूण भलत्याच पलंगात

सुट्टी संपवून सगळे परतले की पहिल्या पंधरवड्यात एमआय रूमसमोर हात खाजवत उभे असलेले दोन-चार कॅडेट हमखास दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "डास चावले." ढेकूण असे कोणी म्हणत नाही, कारण मग टर्मभर त्याचे नावच ते पडते. आमच्या डॉर्मिटरीत या किड्याला खटमल, नल्ली, तिगणे आणि छारपोका अशी चार भाषांतली नावे आहेत, पण लपवण्याची सवय मात्र सर्वांची एकच.

मित्रांनो, ढेकूण चावताना दुखत नाही. त्याच्या लाळेमुळे जागा बधिर होते आणि रक्त गोठत नाही. पाच-दहा मिनिटांत पोट भरून तो फटीत परत जातो. खाज सुटते ती त्या लाळेला आपले शरीर जे उत्तर देते त्यामुळे, आणि ते उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते. कोणाला सकाळीच गांधी उठतात, कोणाला काही दिवसांनी, कधी तर 14 दिवसांपर्यंत वेळ लागतो. काहींना काहीच होत नाही. त्यामुळे ज्याच्या हातावर डाग, त्यानेच ढेकूण आणले, हा न्याय साफ चुकीचा आहे. आमच्याकडे एका ज्युनियरची गादी मुलांनी व्हरांड्यात टाकली होती. ढेकूण सापडले ते दुसऱ्याच पलंगाच्या प्लायवूडखाली, आणि तिथे झोपणाऱ्याच्या अंगावर एकही डाग नव्हता!

तरी चाव्यावरून अंदाज बांधता येतो. चेहरा, मान, हात असा झोपेत उघडा राहणारा भाग, आणि तिथे एका रांगेत किंवा पुंजक्याने तीन-चार लाल गाठी असतील तर ढेकणाचा संशय घ्यावा. डासाचे चावे विखुरलेले असतात व लवकर ओसरतात. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ असून रात्री खाज वाढत असेल तर ती खरूज असू शकते. तिचे औषध वेगळे असते, म्हणून मित्राचे मलम लावून बसू नये.

खात्री मात्र गादीच देते. शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यांत टॉर्च मारून पाहा. शाईच्या ठिपक्यांसारखी काळी विष्ठा, फिकट कात, पांढरी बारीक अंडी दिसतात. पूर्ण वाढलेला ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, चपटा आणि तपकिरी असतो.

चाव्यावर उपाय साधे आहेत. साबण-पाण्याने जागा धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, कॅलामाइन लोशन लावावे. खाज फारच असेल तर गोळी एमआय रूममधूनच घ्यावी. बहुतेक चावे आठवडा-दोन आठवड्यांत बरे होतात. ढेकणामुळे माणसात रोग पसरतो असे आढळलेले नाही. खरा त्रास नखांचा! खाजवून जखम झाली, पू आला, ताप आला तर लगेच दाखवावे. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर रात्रीसुद्धा थांबू नये.

काही सीनियर पलंगावर रॉकेल ओतण्याचा सल्ला देतात. आग लागायची असेल तर तो चांगला आहे. चादरी, अभ्रे, मच्छरदाणी 60 अंशांच्या गरम पाण्यात धुतली तर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. गादी नुसती उन्हात टाकली तर ते खालच्या सावलीच्या बाजूला सरकतात. म्हणून हाऊसमास्तरांना पहिल्याच दिवशी सांगावे आणि एका पलंगाची नव्हे, सगळ्या डॉर्मिटरीची फवारणी मागावी. फवाऱ्याने अंडी मरतीलच असे नाही आणि ती आठवडा-दीड आठवड्यात फुटतात, त्यामुळे दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागते. त्या दिवशी रविवार असला तरी ट्रंका पुन्हा रिकाम्या कराव्याच लागतात.