बिनकवचाचे अंडे

तुमच्या घरी कोंबड्या आहेत का? बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अनेक घरांच्या मागे चार-पाच कोंबड्या असतात. दिवसभर त्या उकिरडा उकरतात आणि संध्याकाळी खुराड्यात जाऊन बसतात. त्यांची अंडी विकून घरातली बाई मीठ-मिरचीचा खर्च भागवते.

अशाच एखाद्या घरी उन्हाळ्यातल्या सकाळी अम्मी खुराड्यात हात घालते आणि दचकते. हाताला अंडे लागते, पण ते पाणी भरलेल्या फुग्यासारखे मऊ असते! त्याला कवचच नसते. शेजारीण म्हणते, "भाभी, हा अपशकुन आहे. ही कोंबडी ठेवू नका." आणि कालपर्यंत चांगली अंडी देणारी कोंबडी त्याच दिवशी कापली जाते.

पण यात कोंबडीचा दोष काय? अंडे कसे तयार होते ते आधी पाहू.

कोंबडीच्या पोटात पिवळ्या बलकांचा घोस असतो. आपल्याकडच्या द्राक्षांच्या घडासारखाच, मात्र त्यातले मणी लहानमोठे असतात. पूर्ण वाढलेला बलक घोसातून सुटतो आणि एका लांब नळीत येतो. तेथे सुमारे 3 तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग जमतो. पुढच्या तासाभरात त्यावर पातळ पापुद्रा चढतो. मग राहिले कवच. त्याला मात्र जवळजवळ 20 तास लागतात! म्हणजे एका अंड्याला एकूण 25 तासांच्या आसपास वेळ लागतो. म्हणूनच आज सकाळी आठ वाजता अंडे देणारी कोंबडी उद्या थोडी उशिरा देते.

कवच चुनखडीचे असते. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. ते कोंबडीला खाण्यातून मिळते. कमी पडले, तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. तेही पुरले नाही, तर अंडे पापुद्र्यासह तसेच बाहेर येते.

उन्हाळ्यात हे जास्त का घडते? बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे कमी पावसाचे तालुके. कालव्याचे आणि उजनी धरणाचे पाणी आले, ऊस उभा राहिला, तरी मे महिन्याचे ऊन काही कमी झाले नाही. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार बाहेर जातो, आणि कवच बनवायला तर तोच लागतो! शिवाय उन्हात ती खातेही कमी. मग कवच पातळ होते किंवा होतच नाही.

अशा वेळी खुराडे सावलीत हलवावे आणि गार पाणी ठेवावे. शिंपल्यांचा चुरा एका वाटीत वेगळा ठेवावा. तो दुपारनंतर द्यावा, कारण कवच बनण्याचे बरेचसे काम रात्री चालते. मऊ अंडे मात्र खाऊ नये. कवच नसल्यामुळे त्यात जंतू सहज शिरतात.

नुकतीच अंड्यावर आलेली तलंग कधी मऊ अंडे देते, तर कधी दोन बलकांचे. दोन बलक एकदम सुटले, की ते एकाच कवचात बंद होतात. असे अंडे खुशाल खावे. कधी बलक नसलेले, लिंबाएवढे अंडेही येते. युरोपात लोक म्हणत, की असे अंडे कोंबडा घालतो आणि त्यातून साप निघतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात 1474 साली एका कोंबड्यावर अंडे घातल्याचा खटला चालला आणि त्याला अंड्यासकट जाळण्यात आले!

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. एकाच वेळी अनेक कोंबड्या मऊ किंवा सुरकुतलेली अंडी देऊ लागल्या, हिरवट हगू लागल्या, माना वाकड्या करू लागल्या, तर तो मानमोडी रोग असू शकतो. त्याला राणीखेत असेही म्हणतात. त्यावर औषध नाही. लस आधीच द्यावी लागते. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, नाहीतर सगळ्या गल्लीतली खुराडी रिकामी होतात.

बिनकवचाचे अंडे तुम्हाला घरीही करता येईल. एका काचेच्या पेल्यात साधे अंडे ठेवा आणि ते बुडेल इतका सिरका ओता. लगेच बारीक बुडबुडे येऊ लागतील. कवच विरघळत असल्याची ती खूण आहे. दुसऱ्या दिवशी सिरका बदला. एक-दोन दिवसांत फक्त पापुद्रा उरेल आणि त्यातून आतला बलक दिसेल. अंडे उचलताना खाली ताट धरा.