दोन बोटे आणि एक दिवस

'हेवी मेटल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रॉक संगीताचा उगम सांगताना बहुतेक जाणकार 'ब्लॅक सॅबथ' या इंग्रजी वृंदाच्या पहिल्या तबकडीकडे बोट दाखवितात. तबकडीचे नावही तेच. केवळ गोंगाट म्हणून तीस बाजूस सारणारे त्या काळीही पुष्कळ होते. परंतु तो ध्वनी तसाच का झाला हे पाहू गेल्यास त्यात लहर थोडी व निरुपाय फार असे आढळते.

वृंदातील चौघेही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामकरी वस्तीतले. पैकी गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामास असे. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, वादनावरच निर्वाह करावयाचा म्हणून त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी जेवणानंतर परत जाऊच नये असे त्याच्या मनात होते. आईने मात्र काम पुरे करण्यास धाडले. त्याच दुपारी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. आयोमी डावखुरा, तेव्हा उजवा हात म्हणजे तारा दाबण्याचाच हात.

कारखान्यातील वरिष्ठाने त्यास जँगो राइनहार्टची तबकडी ऐकविली. १९२८ साली आगीत भाजून जँगोची दोन बोटे निकामी झाली होती. तरीही तो युरोपातील अग्रगण्य गिटारवादक ठरला होता. आयोमीने साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना अंगुस्ताने केली, वर चामडे बसविले, आणि दाबण्यास सोप्या अशा बँजोच्या बारीक तारा गिटारीस चढविल्या. अनेक स्वरांचा मेळ धरणे कष्टाचे, म्हणून षड्ज व पंचम या दोनच स्वरांवर त्याने भिस्त ठेवली. ध्वनिवर्धक सोसेल त्याहून अधिक चढविला की स्वर फाटतो. अशा फाटक्या आवाजात चार स्वरांचा मेळ गढूळ होतो. षड्ज-पंचमाची जोडी मात्र उलट अधिकच भरीव वाटते.

शीर्षकगीतात तर तो आधारही काढून घेतला आहे. बास वाजविणारा गीझर बटलर होल्स्टच्या 'मार्स' या रचनेतील स्वर छेडीत असे. त्यातून आयोमीस कल्पना सुचली. षड्ज, तार षड्ज, आणि तेथून खाली थेट तीव्र मध्यम! पंचमाची वाट पाहणारा कान तेथे अडखळतो, आणि भय वाटते ते त्यामुळेच.

१६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत निर्माता रॉजर बेन याच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण झाले. यंत्र चार पट्ट्यांचे, अवधी एका दिवसाचा. चौघांनी बैठकीत वाजवावे तसे एकत्र वाजविले. गायक ऑझी ऑस्बोर्न त्याच वेळी बाजूच्या खोलीतून गात होता. मध्येच आयोमीची गिटार बिघडली व राखीव गिब्सन हाती घ्यावी लागली. प्रारंभीचा पाऊस व घंटानाद मात्र वृंदाच्या पश्चात जोडला गेला.

१३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, तबकडी निघाली. टीकाकारांनी झोडपली, तरी ब्रिटनच्या यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत चढली. १९७१ च्या तिसऱ्या तबकडीसाठी आयोमीने काही गीतांत तारा दीड स्वराने उतरविल्या. तारा सैल झाल्याने बोटांस आराम पडला आणि नाद आणखी खोल गेला. ही उतरलेली गिटार पुढे कित्येकांनी उचलली. त्यांची बोटे धडधाकट होती.