जँगो प्रणालीतील लॉगिनोत्तर कार्यवाही : उपयोग व मर्यादा

प्रस्तावना : वापरकर्त्याने संकेतस्थळावर लॉगिन करताच काही काम आपोआप व्हावे, अशी गरज अनेक संस्थांना भासते. प्रवेशाची नोंद ठेवणे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. पायथन भाषेतील जँगो ही वेब प्रणाली जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. २०११ मधील १.३ या आवृत्तीपासून तिच्यात यासाठी 'यूजर लॉग्ड इन' हा सिग्नल उपलब्ध आहे.

कार्यपद्धती : पासवर्ड पडताळणे व प्रत्यक्ष लॉगिन करणे या जँगोत दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पडताळणी यशस्वी झाल्यावर लॉगिनचे फंक्शन वापरकर्त्याची ओळख सेशनमध्ये नोंदविते आणि अखेरीस हा सिग्नल पाठविते. त्याच्याशी आधी जोडून ठेवलेली सर्व फंक्शन्स, म्हणजेच रिसीव्हर, त्या वेळी क्रमाने चालतात. त्यांना वापरकर्ता व चालू विनंती यांची माहिती मिळते. त्यामुळे मूळ लॉगिनच्या कोडला हात लावावा लागत नाही. 'लास्ट लॉगिन' ही नोंददेखील जँगो याच मार्गाने अद्ययावत करते.

मर्यादा : पहिली मर्यादा वेळेची आहे. सामान्यतः रिसीव्हर त्याच विनंतीत चालतो. त्यात ई-मेल पाठविण्यास विलंब झाल्यास वापरकर्ता ताटकळतो. रिसीव्हरमध्ये न हाताळलेली चूक उद्भवल्यास, पासवर्ड बरोबर असूनही त्याच्यासमोर त्रुटीचे पान येते व लॉगिन पूर्ण होत नाही. म्हणून वेळखाऊ कामे स्वतंत्र कार्यरांगेकडे सोपविणे इष्ट ठरते.

दुसरी मर्यादा अर्थाची असून ती अधिक महत्त्वाची आहे. सेशनची पूर्वनिर्धारित मुदत १२,०९,६०० सेकंद, म्हणजे दोन आठवडे असते. या काळात परत येणाऱ्या वापरकर्त्याला पुन्हा लॉगिन करावे लागत नाही, त्यामुळे सिग्नलही निघत नाही. समजा, एखाद्या महाविद्यालयाने ऑनलाइन अभ्यासक्रमाची उपस्थिती या नोंदींवरून ठरविली. लॉगआउट न करता बारा दिवस नियमित वाचन करणाऱ्या विद्यार्थ्याची एकच नोंद होईल, तर एका दिवसात पाच वेळा लॉगिन करणाऱ्याच्या पाच नोंदी होतील. नियमित विद्यार्थीच गैरहजर ठरेल. प्रत्येक भेटीची नोंद हवी असल्यास ती प्रत्येक विनंतीच्या वेळी चालणाऱ्या मिडलवेअरमध्ये करणे योग्य होय.

निष्कर्ष : लॉगिन ही एक घटना आहे, तर उपस्थिती ही सातत्याची बाब आहे. लॉगिनच्या सिग्नलवर त्या घटनेपुरतेच अल्प काम सोपवावे. या नोंदींवरून कोणाविषयी निर्णय घ्यावयाचा असल्यास त्या नेमके काय मोजतात, याची खातरजमा प्रथम करणे आवश्यक आहे.