कलाशाळेच्या दारात आपली मुले

डॉक्टर, वकील किंवा प्राध्यापक व्हायला निघालेल्या आपल्या मुलाला कोणता अर्ज कुठे भरायचा हे सांगणारे कोणीतरी आता वस्तीत भेटते. चित्रकलेची पदवी घ्यायला निघालेल्या मुलाला असे कोणी भेटत नाही. घरात पहिला प्रश्न येतो तो हाच, की चित्रे काढून पोट भरेल काय? ज्यांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या भरले नाही त्यांनी हा प्रश्न विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा? तेव्हा त्याचा राग मानण्याचे कारण नाही. पण उत्तर देण्यापूर्वी त्या चार वर्षांत नेमके काय घडते, हे मुलांना आणि त्यांच्या आई-बापांनाही ठाऊक असले पाहिजे.

उदाहरणासाठी मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट घेऊ. ही शाळा १८५७ साली सुरू झाली. देशी कारागिरांना नवे शिक्षण द्यावे हा मूळ हेतू होता. पण तिथली बाके लवकरच पांढरपेशांच्या मुलांनी भरली. कुंभाराचे, विणकराचे, तांबटाचे काम तिथे सिरॅमिक्स, टेक्स्टाइल आणि मेटल या नावांनी शिकवले जाते. गावात जे काम जातीचा शिक्का होते, तेच इथे पदवीचा विषय झाले. १९८१ पासून इथले शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या पदवीला जोडले गेले आणि २०२३ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय कला महाविद्यालये आहेत. ती घराजवळ असतील तर मुंबईचा हट्ट धरू नये.

राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान यांचा समावेश असतो. यातल्या स्मरणचित्राविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. ‘गावाचा बाजार’, ‘जत्रा’, ‘पाणवठा’ असे विषय आले की शहरातल्या क्लासमधून तयार होऊन आलेली मुले एक ठरलेले गाव काढतात. देवळाचा कळस, वडाचा पार, विहीर, डोईवर घागर घेतलेल्या बाया. आपले मूलही तेच पाठ करून जाते, कारण मार्क त्यालाच मिळतात असे त्याला सांगितलेले असते. पण त्याच्या आजीच्या आठवणीतला पाणवठा असा नसतो. तिथे ती लांब उभी असते आणि कोणी वरून पाणी घालील म्हणून वाट पाहत असते.

पुढे वर्गात यथार्थदर्शन शिकवतात तेव्हा पहिलाच नियम असा सांगतात, की क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर असते. पाहणारा बसला की ती खाली येते, माडीवर चढला की वर जाते. म्हणजे चित्र कोण कुठे उभे राहून पाहतो आहे, याचा हिशेब रेषेतच असतो. तेव्हा वेशीबाहेरून दिसणारे गाव काढणे ही चूक नव्हे. ते शास्त्राला धरूनच आहे. फक्त रचना पक्की हवी, माणसांची प्रमाणे बरोबर हवीत आणि वेळेत चित्र पुरे झाले पाहिजे. हात कच्चा असेल तर आशयाची सबब तिथे चालत नाही, आणि चालू नये.

पहिले वर्ष पायाभूत असते. वर्गात घोड्यासारखे दोन्हीकडे पाय टाकून बसायचे लाकडी बाक असते, त्याला ‘डाँकी’ म्हणतात. त्यावर बसून मडकी, बाटल्या, कापडाच्या चुण्या महिनोन्‌महिने काढायच्या. पुष्कळांना इथेच कंटाळा येतो. बाहेरची रेखाटने वेगळी, त्यासाठी जे. जे.च्या मुलांना लांब जावे लागत नाही. बोरीबंदरचे स्टेशन समोरच आहे आणि तिथे झोपलेली, थांबलेली, ओझी वाहणारी माणसे रात्रंदिवस असतात. ही माणसे काढण्यात आपल्या मुलाचा हात लवकर चालतो, कारण ती त्याला परकी नसतात.

खरी अडचण सामानाची. फी सवलतीत बसते, शिष्यवृत्ती मिळते, वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. पण कागद, रंग, ब्रश, कॅनव्हास आज लागतात आणि शिष्यवृत्ती वर्ष सरता सरता येते. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात मूल गावी निघून गेले, की प्राध्यापक म्हणतात, “आवड नाही.” आवड असते, पांढरा रंग संपलेला असतो. म्हणून काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. तयार कॅनव्हास विकत घेण्यापेक्षा मांजरपाट चौकटीवर ताणून, सरस आणि खडूच्या पुडीचा हात देऊन घरीच तयार करता येतो. वरच्या वर्गातली मुले उरलेले रंग देतात, मागावे लागतात. मागण्याची लाज वाटते हे खरे. पण जे दुसऱ्याच्या डब्यात वाळून जाणार, ते मागण्यात कसली लाज?

दुसरी अडचण तोंडाची. केलेले काम भिंतीला लावायचे आणि परीक्षकांपुढे त्याविषयी बोलायचे, याला ज्युरी म्हणतात. तिथली बोली अर्धी इंग्रजी असते. ‘स्पेस’, ‘टेक्श्चर’, ‘कॉन्सेप्ट’ हे शब्द भराभर येतात. आपला मुलगा गप्प राहतो आणि ते गप्प राहणे बुद्धीचा अभाव म्हणून नोंदले जाते. यावर उपाय एवढाच, की पहिल्या वर्षापासून प्रत्येक चित्रामागे मराठीत चार ओळी लिहून ठेवाव्यात. काय काढले, का काढले, हा रंग इथे का? ज्याला स्वतःच्या भाषेत सांगता येते त्याला मोडक्या इंग्रजीतही सांगता येते. राखीव जागेचा टोमणा कधी उघड, कधी हसत हसत येईल. त्याला उत्तर देण्यात पहिले वर्ष घालवू नये; लेखी तक्रार करण्यासारखे घडले तर मात्र ती जरूर करावी.

पुढच्या वर्षांत जिवंत माणूस समोर बसवून अभ्यास असतो. मॉडेल म्हणून बसणारी माणसे बहुधा गरीब, रोजावर आलेली. असे काम करणाऱ्या एका बाईवर ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट २०१८ साली आला, त्यामुळे पांढरपेशा प्रेक्षकांना त्याची थोडी कल्पना आली. आपल्या मुलीला तिथे वेगळेच काही जाणवेल: समोर बसलेल्या म्हातारीचे हात आपल्या आईसारखे आहेत. ते जाणवणे दडपू नये आणि त्याने हातही थरथरू देऊ नये.

कलेच्या इतिहासात अजिंठा येईल. १८७२ पासून जे. जे.च्या विद्यार्थ्यांनीच ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या पुष्कळ पुढे १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. तासाला रेषेचे लालित्य सांगतील, ते ऐकावेच. पण लेणी कोणाच्या पैशाने व कोणाच्या हातांनी झाली, हेही विचारावे. कान्हेरीच्या लेखांत लोहाराचे दान आहे, कुड्याला माळ्याचे, कार्ल्याच्या दाराशी सुताराचे नाव आहे. ज्यांचा धम्म, त्यांची मुले हे तास ऐकताना मागच्या बाकावर का बसावीत?

“चित्रात राजकारण आणू नका,” असे एखादे अध्यापक सांगतील. त्यांना सवी सावरकरांची चित्रे दाखवावीत. हे नागपूरचे, बडोद्याच्या कलाशाखेत शिकले आणि गळ्यात मडके व पाठीशी झाडू बांधलेला माणूस त्यांनी चित्रात उभा केला. त्यांच्या मुद्राचित्रणाची पकड पाहिली म्हणजे तंत्र आणि विद्रोह यांचे भांडण नाही हे कळते.

राहिला पोटाचा प्रश्न. उपयोजित कलेची पदवी घेतली तर जाहिरात, मांडणी, अॅनिमेशन यांत नोकरी लवकर मिळते. रंगकलेत आणि शिल्पात वेळ लागतो. शाळेत कलाशिक्षक व्हायचे तर शिक्षकाची वेगळी पदविका लागते. बोर्ड रंगवण्याचे काम फ्लेक्सने खाल्ले. शिल्पकाराला आपल्याच समाजात काम आहे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात १९५० साली, बाबासाहेब हयात असतानाच त्यांचा पुतळा बसला, आणि तेव्हापासून ही मागणी थांबलेली नाही. चेहरा मात्र पुष्कळ ठिकाणी ओळखू येत नाही, कारण काम स्वस्तात साचा काढणाऱ्याला दिले जाते. पुतळा समित्यांनी वर्गणी गोळा करतानाच शिकलेला शिल्पकार शोधावा, आणि त्याचा मातीचा नमुना ओतकामापूर्वी गावाने पाहून घ्यावा.

आई-बापांसाठी एक गोष्ट. कलाशाळेत वर्षातून एकदा विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन भरते आणि ते कोणालाही पाहता येते. त्या दिवशी एका रोजाचा खाडा झाला तरी जावे, आणि मुलाने आपल्या चित्रापाशी उभे राहून ते काय आहे हे त्यांना मराठीत सांगावे.