गिरमिटवाली आणि बिनगिरमिटाची

ब्रिटनमधल्या पाइनच्या जंगलात उन्हाळ्यात ओंडक्यावर सेबर गांधीलमाशी बसलेली दिसली, की लोक दोन पावलं मागं सरतात. मोठी मादी चार सेंटिमीटरपर्यंत भरते आणि मागं जवळपास तेवढीच लांब काळी सुई. ही सुई आपल्यासाठी नसते. खोडात खोलवर लाकूड पोखरत बसलेल्या हॉर्नटेल या कीटकाच्या अळीसाठी असते.

हॉर्नटेल अंड्यांबरोबर लाकडात एक बुरशीही सोडते. सेबर तिच्या वासावरून अळीचा माग काढते आणि अंडी घालायची नळी गिरमिटासारखी लाकडात उतरवते. एवढी बारीक नळी जोरानं दाबली तर वाकायचीच. म्हणून नळीचे उभे भाग एकमेकांवरून पुढंमागं सरकतात. एक रुतून धरतो, त्याच्या आधारानं दुसरा पुढं जातो. काम अर्धाअर्धा तास चालतं. अळी सापडली की तिला डंख मारून लुळी करायची आणि एक अंडं घालायचं. पिल्लू त्या अळीला बाहेरूनच खात वाढतं.

त्याच मुलखात टॅचिना ग्रोसा ही दांडगी माशी फिरते: दोनएक सेंटिमीटरची, काळीकुट्ट, राठ केसांची, पिवळ्या डोक्याची. पोरं वाढवायची तीही दुसऱ्याच्याच जिवावर. पण लाकूड भेदणारं किंवा डंख मारणारं हत्यार हिच्याकडं नाही. त्यामुळं तिला उघड्यावरचे सुरवंट हवेत, ओक एगरसारख्या पतंगांचे, चांगले गलेलठ्ठ. तिचं पिल्लू सुरवंटाच्या आत राहतं आणि सुरवंट चरत असतो.

आत श्वास कसा घ्यायचा? या कुळातल्या बऱ्याच माश्यांची पिल्लं इथं कमाल करतात. घुसखोराला कोंडण्यासाठी सुरवंटाचं शरीर त्याच्याभोवती कवच रचू लागतं. पिल्लू त्याच कवचाची हवेची नळी करून घेतं. गिरमिटाचं कौतुक खूप झालं, मला हा डाव सरस वाटतो.

माणसाला मात्र गांधीलमाशीच उपयोगी पडली. न्यूझीलंडनं पाइन पोखरणाऱ्या हॉर्नटेलवर उतारा म्हणून सेबर मुद्दाम नेऊन सोडली. उलट टॅचिनाच्या कुळातली उझी माशी आपल्याकडं रेशीमवाल्यांची डोकेदुखी आहे. 1980 मध्ये ती कर्नाटकात शिरली. कोषात दडलेलं तिचं पिल्लू बाहेर पडताना भोक पाडतं, धागा तुटतो आणि कोष वाया जातो. म्हणून संगोपनगृहांना जाळ्या लागतात आणि रेशीमकिड्याच्या अंगावर काळा डाग दिसला, की तो वेळीच वेगळा काढतात.